घनाने केलेला घात

संख्यांच्या जगात एखादे फंक्शन कॉन्व्हेक्स आहे की नाही, म्हणजे त्याच्या दोन मूल्यांची सरासरी ही सरासरीवरच्या मूल्याहून कधीच कमी भरत नाही ना, हे ठरवायला आलेखाकडे टाकलेली एक नजर पुरते. तेच फंक्शन हर्मिशियन मॅट्रिक्सला (संख्यांच्या चौरस मांडणीला, जी वास्तव संख्यांची असेल तर कर्णाभोवती सममित असते) लावायची वेळ आली, आणि माझ्या कामात ती रोजच येते, की माझी मनःशांती बिनपगारी रजेवर जाते.

कृती दिसायला अगदी सालस आहे. मॅट्रिक्स ज्या खास दिशांना न वळवता फक्त ताणते, त्या दिशांतले ताणाचे गुणक, म्हणजे तिची आयगेन मूल्ये, काढावीत, प्रत्येकाला फंक्शन लावावे आणि ती मूळच्या दिशांवर परत बसवावीत. पण ‘अ’च्या दिशा एक, ‘ब’च्या दुसऱ्या आणि दोघींच्या सरासरीच्या तिसऱ्याच! शिवाय लहान-मोठे ठरवण्याची रीतही निराळी. वजाबाकीत एकही आयगेन मूल्य ऋण निघाले नाही, तरच पहिली मॅट्रिक्स दुसरीहून कमी नाही असे म्हणता येते. काही धन आणि काही ऋण निघाली, तर दोघींची तुलनाच होत नाही.

त्यातल्या त्यात वर्ग सज्जन. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा केला की फरकाच्या वर्गाचा चौथा हिस्सा उरतो, आणि त्यात ऋण काही असूच शकत नाही. या भरवशावर माणूस घनाकडे वळतो आणि तोंडघशी पडतो. (१, १), (१, १) या ओळींची एक मॅट्रिक्स घ्या आणि (३, १), (१, १) या ओळींची दुसरी. घनांच्या सरासरीतून सरासरीचा घन वजा केल्यावर (६, १), (१, ०) उरते. सहा पाहून जीव सुखावतो, शून्यही निरुपद्रवी भासतो. पण निश्चयक, म्हणजे आयगेन मूल्यांचा गुणाकार, येतो उणे एक; म्हणजे एक आयगेन मूल्य ऋण, तेही जेमतेम −०.१६! एवढ्याशा उधारीपायी अख्खी असमता दिवाळखोरीत निघते.

गणितज्ञ लोव्हनर यांनी १९३४ मध्ये आणि त्यांचे विद्यार्थी क्राउस यांनी १९३६ मध्ये या प्रांताचे कायदे लिहून ठेवले. धन घातांक १ ते २ यांच्या दरम्यान असेल तरच कॉन्व्हेक्सपणाचा परवाना मिळतो. ज्याच्या कॉन्व्हेक्सपणावर शाळकरी पोरही शंका घेणार नाही, ते घातांकी फंक्शनसुद्धा इथे नापास होते.

“नुसता ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, घ्यावा, म्हणजे कुठलेही कॉन्व्हेक्स फंक्शन चालते,” असा सल्ला सहकारी देतात. सल्ला खरा आहे. वरच्या फरकाचा ट्रेसही चांगला सहा भरतो. मला मात्र असमता नेमकी अख्ख्या मॅट्रिक्सचीच लागते, आणि घातांक नेमका तीनच असतो.