पनीरवर बंदी नको, पाटी हवी

मार्च 2025 मध्ये विधानसभेत एका आमदारांनी बनावट पनीर आणून दाखवलं. तेव्हापासून नागपुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच धोशा आहे: ॲनालॉग पनीरवर, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी तेल घालून केलेल्या पनीरवर, सरसकट बंदी घाला. वर मला टोमणा, ‘तुमच्या जर्मनीत खपवून घेतील काय असलं?’

खपलं ना बाप्पा! 2009 मध्ये इथं यावरूनच बोंबाबोंब झाली होती. पिझ्झावर अन् बेकरीतल्या पावांवर चीजच्या नावाखाली वनस्पती तेलाचं मिश्रण वितळवून देत होते. पाकिटबंद मालापेक्षा सुट्या मालात आणि हॉटेलातच हे लपवणं सोपं होतं. आपल्याकडंही दुखणं तिथंच आहे.

व्याख्येत आपण कुठं कमी नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार पनीरमध्ये पाणी 60 टक्क्यांच्या वर नको आणि पाणी वगळून जे उरतं त्यात दुधाची फॅट किमान 50 टक्के हवी. माझ्या फ्रिजमधल्या खाऊडा (आपण गौडा म्हणतो ते) चीजच्या पाकिटावर फॅटचा हाच आकडा 48 छापलेला आहे. म्हणजे या मापानं आपलं साधं पनीर त्याच्याहून सरसच. दुधाच्या फॅटऐवजी पामतेल घातलं की ते ॲनालॉग. ते विकायला मनाई नाही, पण तसं लिहून विकायचं.

आता नागपूरच्या इतवारी बाजारात टबातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पनीरच्या लादीवर कोण काय लिहिणार? मामा आयोडीनचा थेंब टाकून बघतात आणि निळं झालं नाही की खूश. पण आयोडीन फक्त स्टार्च पकडतं. पामतेल आणि दूध पावडरीचं पनीर त्या परीक्षेत मजेत पास होतं. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक आम्ल असतं, पामतेलात नसतं. हा फरक प्रयोगशाळेतच कळतो. त्यापेक्षा भाव बघा. किलोभर पनीरला म्हशीचं पाचेक लिटर दूध लागतं. तेवढ्या दुधाच्या किमतीपेक्षा पनीर स्वस्त मिळत असेल, तर आयोडीनची बाटली उघडूच नका.

युरोपात दोन गोष्टी मला पटतात. ग्राहकाला अपेक्षित असलेला घटक बदलला, तर बदली घटकाचं नाव पाकिटावर मालाच्या नावाजवळच आणि त्या अक्षरांच्या किमान 75 टक्के आकारात छापावं लागतं. मागच्या बाजूला बारीक टायपात दडवता येत नाही. दुसरं, दुधाचं नसेल त्याला मेनूकार्डावरही चीज म्हणता येत नाही. 2017 मध्ये युरोपियन न्यायालयानं सोयाबीनच्या मालाला दिलेलं ‘टोफूबटर’ हे नावसुद्धा नाकारलं. (फ्रेंचांच्या बदामाच्या दुधाला मात्र खास सूट, तेव्हा इथलेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत.)

हे आपल्याला जमणार नाही असं नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) कारवाईनंतर 2024 मध्ये एका बड्या बर्गरसाखळीनं पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ काढलं; आम्ही खरंच चीज वापरतो, असं कंपनी सांगत होती तरी. मोठ्यांना जो नियम, तोच सावजी भोजनालयाला आणि केटररला लावा. ज्याला स्वस्तातलं ॲनालॉग परवडतं त्यानं ते बिनधास्त खावं, फक्त त्याला ते माहीत असावं.

मामेबहिणीचं लग्न ठरलंय. केटररच्या कागदावर पनीर कुठलं ते लिहून घ्या, असं मी मामांना सुचवलं. ‘मग ताटाचा भाव वाढते ना,’ ते म्हणाले. वाढेलच. नाहीतर वांग्याची भाजी ठेवा. आपल्याकडच्या पंगतीत तिला आजवर कोणी नावं ठेवली नाहीत.