पसारा असू दे

हल्ली बेळगावात कुणाच्या नव्या घरी गेलं की आधी घर फिरवून दाखवतात. पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी, ओट्यावर साधा चमचासुद्धा नाही. लोकांनी कष्टाचा पैसा घातलेला असतो, त्याची मला किंमत आहे. पण मला तिथं बसवत नाही. या घरात कोण राहतं, काय खातं, काहीच कळत नाही.

मला राबतं घर आवडतं. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. तिथं सोप्यावर पाय ठेवला की कुठला महिना चालू आहे ते सांगता येतं. सुगी झाली की भिंतीला भाताच्या पोत्यांची थप्पी. वैशाखात सुपात फणसाचे गरे, शेजारी हाताला लावायच्या तेलाची वाटी. पावसात चुलीच्या उबेला टांगलेलं ओलं घोंगडं. कोण आलं तर पोतं सरकवून जागा करतात, आणि चहा येईपर्यंत तो माणूस घरचा झालेला असतो. वर कौलं, वाशांच्या सांदीत चिमण्यांची घरटी. स्लॅबच्या घरात चिमणीला सांदच उरलेली नाही.

हाच आवरण्याचा सोस आता परड्यात उतरलाय. पानं पडून कचरा होतो म्हणून चांगली फळती झाडं तोडतात. अळू, हळद, केळी उपटून पेव्हर घालतात. मग पाणी मुरणार कुठं? पाऊस गटारानं निघून जातो, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की बोअर मारायची चर्चा सुरू.

आणि तिथून हा सोस रानात जातो. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडं निघालं की गाडीत कुणीतरी म्हणतंच, इथं जरा साफसफाई करून बाकडी टाकली तर काय मस्त होईल! अहो, याच गचपणात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. म्हादईही याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्याच्या समुद्राला मिळते. याच तालुक्यातलं भीमगडचं रान २०११ साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहेत रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट हे दुर्मीळ वटवाघूळ राहतं. कितीतरी वर्षं जगात फक्त या एका गुहेतच ते माहीत होतं. गुहा अंधारी, विष्ठेच्या वासानं भरलेली. तिथं दिवे लावून फरशी घातली तर काय उरेल? धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. वाळकं, वाकडं झाड शोभत नाही म्हणून काढलं, तर त्यानं पिल्लं कुठं वाढवायची?

रानातल्या गावांना रस्ता, दवाखाना नको असं मी मुळीच म्हणत नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं, तो त्रास संपलाच पाहिजे. आणि चोर्ला घाटात धबधब्याखाली पडलेल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं बघून मलाही संताप येतो. ती घाण रानानं केलेली नाही. चकचकीत घरांतून सुट्टीला आलेल्या आपल्यासारख्यांनीच ती टाकलीय, ती आपणच उचलायची. कुजका ओंडका, त्यावरची अळंबी, गुडघाभर पाला मात्र जिथल्या तिथं राहू द्या.

गावच्या घरी पेव्हर घालायचा विषय दिवाळीत परत निघणार आहे. थोरल्या वैनींना मी आताच सांगून ठेवलंय, चिखल होतो तिथं चार दगड टाकू, पण फणसाखालची माती झाकायला मी हो म्हणणार नाही.