ढब्बू उपाशी आहे म्हणे

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे त्याला काही कमी पडू द्यायचं नाही. पिल्लाला कमी काहीच पडत नाही हो. जास्त पडतं. आणि मग ते जास्त झालेलं खाली गालिच्यावर पडतं, कधी या टोकाने, कधी त्या टोकाने.

मी म्हणजे अगदी तयारीनिशी उतरले होते. पिल्लाला ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये असं वाचलं म्हणून तेवढे आठवडे कळ काढली, घरातल्यांनाही काढायला लावली. मग ८ ते १२ आठवड्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा खाणं, पुढे सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा, त्यानंतर २ वेळा. खाण्याचा ब्रँड बदलायचा तर एकदम बदलायचा नाही, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठवडाभर तरी लावायचा. गाईचं दूध नको, कारण आईचं दूध सुटलं की दूध पचवणारं लॅक्टेज पोटात कमी होत जातं आणि पोट बिघडतं. हे सगळं सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, खाली प्रत्येक खाण्यासमोर चौकट, ज्याने दिलं त्याने टिक करायची. ऑफिसात असल्या तक्त्यांवर माझा हात बसलेला आहे. पण ऑफिसात सासूबाई नसतात.

पहिल्याच दिवशी मी वाटीत मोजून खाणं घातलं आणि त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अगं हे काय? दाणे? कोंबडी पाळलीये का आपण?"

"आई, हे पिल्लांचंच खाणं आहे. सगळं असतं त्यात."

"सगळं असतं तर मग एवढंसंच का घालतेस?"

यावर उत्तर नाही. म्हणजे आहे, पाकिटाच्या मागे वजनानुसार तक्ता छापलेला असतो, पण तो चष्मा लावूनही दिसत नाही इतका बारीक.

बरं, ढब्बूचं खाणं ही बघायची गोष्ट आहे. वाटी खाली टेकायच्या आत तोंड वाटीत, मग पुढचा एक पायही वाटीत, मग ती स्टीलची वाटी ठणठण करत फरशीवरून पुढे सरकते आणि हा तिच्या मागे मागे खात खात जातो, ओट्यापासून सुरू झालेलं जेवण कपाटाखाली संपतं. चावणं वगैरे भानगड नाही. भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या पिल्लाला एवढं पक्कं माहीत असतं की जो हळू खाईल तो मागे राहील, इथे बाकी कोणी नाही हे त्याला कोण सांगणार. त्यासाठी भूलभुलैया असलेली वाटी मिळते, आतल्या खाचांमधून एकेक दाणा काढत बसावं लागतं म्हणून वेळ लागतो. ती आणली. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि उलटी केली.

आणि मग खाऊन झाल्यावर ते बघणं. रिकामी वाटी, तिच्यामागे बूड टेकून बसलेला ढब्बू, कपाळावर दोन आठ्या, भुवयांची आतली टोकं वर गेलेली आणि डोळे असे की आत्ता याची जप्ती झालीये. मी आपली समजत होते की हा आमच्याच पिल्लाचा अभिनय. तर नाही, भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक खास स्नायू कुत्र्यांना असतो, लांडग्यांमध्ये तो जेमतेम असतो, २०१९ मध्ये संशोधकांनी दोघांचे चेहरे उघडून तपासून हे छापलंय. म्हणजे बघा, माणसासोबत राहता राहता हजारो वर्षांत या प्राण्याने नेमका काय कमावला, तर माझ्या सासूबाईंना हलवता येईल असा स्नायू.

आणि फक्त सासूबाईच नाही हं. नवरा एरवी मोठा शिस्तीचा. माझ्यासमोर म्हणणार, "नाही ढब्बू, शिस्त म्हणजे शिस्त," आणि मी आंघोळीला गेले की फ्रिजचं दार वाजणार. मुलगा तर जेवताना एक हात टेबलाखालीच ठेवून जेवायला लागला. विचारलं तर "हात दुखतोय". प्रत्येकाशी ढब्बूचं खातं वेगळं होतं आणि एका खात्याची माहिती दुसऱ्याला तो देत नव्हता. फ्रिजवरच्या तक्त्यात मात्र ४ टिक, त्या माझ्याच.

पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, कुत्र्यांची लाळ थेंब थेंब मोजली त्या माणसाने. मला वाटतं त्याच्या प्रयोगशाळेत अधूनमधून हळूच बिस्किट देणारं कोणी नसावं, नाहीतर त्याचा सगळा हिशोब तिथेच बोंबलला असता.

रात्रीचं वेगळंच. पहिल्या रात्री दिवा बंद झाल्याबरोबर त्याने असा सूर लावला की वरच्या मजल्यावरच्यांचा दिवा लागला. बरोबरच आहे म्हणा, काल-परवापर्यंत आई आणि भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपणारं पोर ते, आज एकटं एका खोक्यात. आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं आम्ही येताना मागून आणलं होतं, ते खोक्यात घातलं, खोकं पलंगाशेजारी घेतलं. तरी कुईकुई. शेवटी नवऱ्याने पलंगावरून हात खाली सोडून खोक्यात ठेवला तेव्हा थांबलं. हात काढला की सुरू. सकाळी नवऱ्याला कपही उचलता येईना आणि सासूबाई म्हणतात कशा, "तुझ्यासाठी मी अशीच जागत होते, तेव्हा तुझ्या बाबांनी कूससुद्धा बदलली नाही." पिल्लाच्या निमित्ताने घरात जुन्या फायली कशा उघडतात ते याच सुमारास कळायला लागलं.

शू-शीचं गणित असं सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, फार तर तेवढे तास ते धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू ३ तास, आणि तेही त्याची इच्छा असेल तर. शिवाय झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं. आता पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं असं सगळे सांगतात, ते खरंही आहे, फक्त ते तास सलग नसतात हे सांगायला विसरतात. तुकड्यातुकड्याने झोपणार आणि प्रत्येक तुकड्यानंतर उठणार, आणि उठलं की न्या. पहाटे तीनला मी अंगणात डोळे मिटून उभी आणि हा एकेका पानाचा वास घेतोय. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत, आणि त्यातली एकेक पेशी त्याला त्या रात्रीच वापरून बघायची असते. सगळं अंगण वाचून झालं की शांतपणे घरात येणार आणि पायपुसण्यावर शू करणार. बाहेर केली असती तर शाबासकी आणि खाऊ द्यायचा म्हणून खिशात घेऊन गेलेला खाऊ तसाच खिशात, तो दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनने खाल्ला.

ओरडून उपयोग नाही हो, मोठ्याने काहीतरी चाललंय एवढंच त्याला कळतं आणि पुढच्या वेळी ते सोफ्यामागे जाऊन करतं. पुसायला अमोनियावालं लिक्विड तर अजिबात नको, त्याचा वास त्यांना लघवीसारखाच येतो, म्हणजे आपण आपल्या हाताने पाटी लावल्यासारखं, 'शू इथेच करावी'. एन्झाइमवालं क्लीनर आणा. हा एकच सल्ला मी छातीठोकपणे देईन, बाकीचे सल्ले द्यायला शेजारीपाजारी आहेतच. "आमचा तर काहीही खायचा, काही झालं नाही" हे वाक्य मला इतक्या लोकांनी ऐकवलं की त्या सगळ्या अमर कुत्र्यांना एकदा भेटायची इच्छा आहे.

दात हा विषय मी थोडक्यात आटोपते कारण चप्पल या विषयावर मला भरून येतं. पिल्लाला दुधाचे दात २८, सगळे सुईच्या टोकाचे. तीन-चार महिन्यांपासून ते पडून पक्के यायला लागतात, ते ४२. म्हणजे जे चाललंय ते कमी दातांवर चाललंय. फ्रिजवरचा तो कागद एकदा वाऱ्याने खाली पडला आणि मी उचलेपर्यंत त्यातलं 'दिवसातून ४ वेळा' एवढं शिल्लक होतं, बाकीचे नियम पोटात.

आणि मग व्हायचं तेच झालं, पोट बिघडलं. कागदाने नाही, कागद बिचारा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा आला. एका सकाळी ढब्बू वाटीकडे बघेना, शी पातळ, आणि पिल्लाच्या बाबतीत हे थट्टेवारी न्यायचं प्रकरण नसतं, एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं, शिवाय पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूची, भीती असतेच. अख्खं घर गाडीत बसून डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी ताप बघितला, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, जंताचं औषध वेळेवर चाललंय ना विचारलं (ते १२ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी असतं, आणि लसींचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालतात), पार्व्होची टेस्टही केली, ती सुदैवाने निगेटिव्ह. मग पेन उघडून म्हणाले, "काल काय काय खाल्लं याने?"

मी ताठ मानेने आकडे सांगितले. ग्रॅममध्ये.

"आणि त्याशिवाय?"

शांतता. मग सासूबाई टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाल्या, "मी एक बिस्किट दिलं होतं. म्हणजे दुधात बुडवून. मऊ व्हावं म्हणून."

"किती?"

"एकच हो. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी मी चहा घेते तेव्हा एक." थोडं थांबून, "रडत होता म्हणून रात्री एक."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, आता आपलं काय एवढं नाही असा. "मी उकडलेलं अंडं दिलं. अंडं चांगलंच असतं ना डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले चांगलं असतं, किती दिलंत, तर दोन. एवढ्याशा पिल्लाला दोन. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मी फक्त चीज," आणि मग अजून हळू आवाजात, "आणि पिझ्झाची कड". डॉक्टर लिहायचे थांबले. पिझ्झावर कांदा-लसूण होता का, ते मात्र त्यांनी खरोखर गंभीर होऊन विचारलं, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सुदैवाने नुसती कड होती. मग त्यांनी यादीच सांगितली: चॉकलेट नाही, द्राक्षं-मनुका नाहीत, शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं ते तर चुकूनही नाही, शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या कपच्या निघून आतडं फाटू शकतं. सासूबाई मान डोलवत होत्या, यात बिस्किट आलं नाही याची नोंद घेत.

"हा उपाशी नाहीये," डॉक्टर म्हणाले. "याच्या फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. बघा हात लावून." आम्ही एकेक करून हात लावला. फासळ्या सापडेपर्यंत बराच शोध घ्यावा लागला. ढब्बूला वाटलं पोट खाजवताहेत, तो उलटा झाला.

औषधाने आणि चार दिवसांच्या साध्या खाण्याने गाडी रुळावर आली. डॉक्टरांनी सांगितलेली नवी पद्धत अशी की दिवसभराचं सगळं खाणं सकाळीच एका डब्यात मोजून ठेवायचं, ज्याला जेव्हा माया येईल त्याने त्याच डब्यातून चार दाणे द्यायचे, डबा रिकामा की दिवस संपला. ऐकायला किती सोपं. आमच्याकडे माया सकाळीच फार येते, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच डबा संपला आणि मग घरात चौकशी समिती. आता डबा माझ्या ताब्यात आणि प्रत्येकाला रोजचा कोटा बांधून दिलाय. मुलगा आपला कोटा लगेच उधळतो. नवरा त्याच्याकडून पुढच्या दिवसाचा उसना मागतो. सासूबाईंनी एक झाकणाची छोटी डबी काढलीये, त्यात त्या आपल्या वाट्याचे दाणे साठवतात आणि संध्याकाळी चहाच्या वेळी एकेक करून देतात, आणि ढब्बू त्या डबीच्या झाकणाचा आवाज तीन खोल्यांपलीकडून, गाढ झोपेत ओळखतो. माझी हाक मात्र शेजारी बसून ऐकू येत नाही.

परवा लसीला गेलो तेव्हा वजन केलं. डॉक्टर खूश, म्हणाले अगदी पाहिजे तेवढं भरलंय, असंच चालू ठेवा. सासूबाईंनी काट्याकडे एकदा या बाजूने बघितलं, एकदा त्या बाजूने, आणि बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर चांगले आहेत गं. पण काटा बिघडलाय त्यांचा."