माळावर बिया फेकू नका

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश फिरू लागतो: पुणे-सोलापूर पट्ट्यात हजारो एकर माळ ओसाड पडलाय, पूर्वी तिथे घनदाट जंगल होतं, बियांचे गोळे टाका, जंगल उभं राहील, प्राणी परततील आणि पाऊसही वाढेल. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे.

‘प्राणी परततील’ म्हणे. ते गेलेत कुठे? इंदापूरजवळच्या कडबनवाडीला किंवा बारामतीजवळच्या शिर्सुफळला पहाटे जाऊन बघा. चिंकारा, खोकड, तरस आणि नशीब असेल तर लांडगा. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवतावरून खाली-खाली घिरट्या घालतात. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. चोहीकडचं दिसणं हीच त्यांची सुरक्षा. मधोमध झाडं उभी केली की कावळ्या-घारींना टेहळणीची जागा मिळते, आणि घरट्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणजे प्राणी आणण्याच्या नादात आहेत तेच जायचे.

माळढोक पक्ष्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसह त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तो तिथे दिसणं दुरापास्त आहे. त्याला शेती, विजेच्या तारा अशी कारणं अनेक आहेत, पण गवताळ रानात केलेली गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवडही त्यांत येते.

‘पूर्वी जंगल होतं’ हे सगळ्यांना पटतं, कारण उघडी जमीन दिसली की झाडं कुणीतरी तोडली असणार, असं आपण गृहीतच धरतो. पण हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, जमीन उथळ आणि मुरमाड. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही चित्र दिसतं ते गवत आणि काटेरी, विरळ झाडांचंच. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या नावाशी जोडलेलं तरटीचं झाड आठवा; तेही कोरड्या, काटेरी रानातलंच.

पावसाचं म्हणाल, तर ढग अडवतो तो सह्याद्री. माळावर लावलेल्या रोपांनी पर्जन्यछाया हटत नाही.

राहता राहिला ‘ओसाड’ हा शब्द, आणि खरं नुकसान तोच करतो. सरकारी नकाशांतही अशा कितीतरी जमिनी पडीक म्हणून रंगवलेल्या असतात. एकदा तसा शिक्का बसला की तिथे प्रकल्प आणायला कुणाची हरकत उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना विचारा. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं ते नावानिशी दाखवतील, आणि कुठलं कधी चारायचं तेही सांगतील.

जमीन रिकामीच समजून वाट सोडून गाड्या पळवणारे हौशी छायाचित्रकारही याच गैरसमजाची पैदास आहेत. उन्हाळ्यात चाकाखाली टिटवीची अंडी चिरडतात आणि गाडीतल्याला पत्ताही लागत नाही. कडबनवाडी-शिर्सुफळला वनखात्याने ठरवून दिलेल्या वाटांवर, स्थानिक वाटाड्या घेऊन फिरता येतं. तसंच जा.

आणि गोळे वळून झालेच असतील, तर आत करंज, बाभूळ अशा देशी बिया आहेत ना ते पाहून शेताच्या बांधावर नाहीतर गावच्या रस्त्याकडेला लावा. परकी सुबाभूळ असेल तर कुठेच नको.