मलेशियातल्या छोट्या गावांत शाकाहारी माणूस उपाशी मरतो, हे साफ खोटं आहे

परवा रात्री साडेदहाला सांगलीहून मावशीचा फोन आला. "ते इपो आणि ताइपिंग काढून टाक. आम्ही क्वालालंपूरलाच राहतो, नाहीतर जायलाच नको म्हणतायत तुझे काका." तिकिटं काढून दोन महिने झालेत. चार दिवस पेराक राज्यातल्या या दोन गावांत निवांत काढायचे, हा बेत तिचाच होता. कारण विचारलं तर भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज तिने मला पुढे पाठवला. तोच मेसेज त्याच आठवड्यात मला आणखी दोघांकडून आला होता, आणि दोन्ही वेळा मी न वाचता सोडून दिला होता. मावशी माळकरी आहे. तिला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून आता लिहिते आहे.

मेसेजात म्हटलंय ते थोडक्यात असं. मलेशियातल्या छोट्या गावांत सगळं अन्न डुकराच्या चरबीत शिजवतात, अगदी मुसलमानांच्या हॉटेलांतही, कारण चरबी तेलापेक्षा स्वस्त पडते. इपोच्या प्रसिद्ध व्हाइट कॉफीच्या बियाही त्याच चरबीत भाजतात. क्वालालंपूर सोडलं की भारतीय जेवण मिळत नाही. रमजानमध्ये दिवसा पाणी प्यायलं तरी पर्यटकाला दंड होतो. गावांत बघण्यासारखं काही नाही, संध्याकाळी सहाला सगळं बंद. आणि व्हिसा एजंटाशिवाय मिळत नाही. सगळ्यात खाली एका एजंटाचा फोन नंबर.

मी मलेशियातच, पेनांगला चार वर्षं नोकरीला होते. शनिवार-रविवार मिळाला की पेराकमध्ये फिरायचे, आणि मी शाकाहारी आहे.

चरबीचं आधी घेते, कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. मलेशिया हा पामतेलाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल जगात दुसरा देश आहे, आणि पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपला भारत आहे. आपल्या कोपऱ्यावरचं फरसाण ज्या तेलात तळलं जातं, त्यातलं कितीतरी तिकडूनच येतं. तिथे घरगुती वापरासाठी सरकारी अनुदानाचं एक किलो तेलाचं पाकीट अडीच रिंगिटला (रिंगिट हे तिथलं चलन) मिळतं. अशा देशात पैसे वाचवायला कोणी डुकराची चरबी वापरेल, हे लिहिणाऱ्याने क्षणभर तरी विचार करून लिहिलं असेल का?

आणि मुसलमानांच्या हॉटेलात? 2020 च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात 63.5 टक्के लोक मुस्लिम आहेत. त्यांच्यासाठी डुक्कर हराम आहे, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिथे हा विषय नुसत्या श्रद्धेवर सोडलेला नाही. 2011 च्या ट्रेड डिस्क्रिप्शन्स कायद्याखाली 'हलाल' म्हणजे काय हे ठरवणारा आणि हलाल चिन्ह कोणी लावायचं हे सांगणारा, असे दोन आदेश निघालेले आहेत. खोटं हलाल म्हणून अन्न विकलं तर दंड आहे आणि कैदही आहे. प्रमाणपत्र जाकिम हे सरकारी खातं आणि राज्यांची धार्मिक खाती देतात. सुपरमार्केटात डुकराचं मांस वेगळ्या कोपऱ्यात, 'हलाल नाही' अशी पाटी लावून ठेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसेही तिथेच वेगळे द्यावे लागतात. ज्या समाजात एवढी काटेकोर विभागणी आहे, तिथला मामाक हॉटेलवाला, म्हणजे तमिळ मुसलमान, रोटी चनाई, म्हणजे तिथला पराठा, चरबीत भाजेल हे म्हणणं म्हणजे त्या माणसावर केलेला घाणेरडा आरोप आहे. तो जातीय रंग देऊन पसरवला जातोय, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो.

चिनी हॉटेलांत चरबी वापरतात का? हो, वापरतात. 'चार क्वे तिआव' नावाच्या परतलेल्या नूडल्सना पूर्वापार ती लागते. पण ते लपवत नाहीत. कोपितियाम म्हणजे जुन्या पद्धतीचं चिनी कॉफीघर. तिथे एका छपराखाली चारपाच वेगवेगळ्या गाड्या असतात, आणि डुकराचं मांस समोर टांगलेलं दिसतं. माळकऱ्याने तिथे जेवायचं नाही, एवढं साधं आहे.

व्हाइट कॉफीचंही तेच. बिया पामतेलाच्या मार्गारीनमध्ये, साखर न घालता भाजतात. त्यामुळे त्या नेहमीच्या काळ्या कॉफीपेक्षा फिक्या राहतात, आणि वर कंडेन्स्ड मिल्क घालून देतात. बाजारातल्या अनेक पाकिटांवर हलालचं चिन्ह छापलेलं असतं. चिनी कॉफीघरात पाय ठेवायचा नसेल तर पाकीट घ्या आणि खोलीवर करून प्या.

आता जी गोष्ट खरंच सांगायला हवी होती ती या मेसेजात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. मलेशियात शाकाहाऱ्याने जपायचं ते माशापासून. बलाचान म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जवळ्याचा कुजवलेला गोळा. तो तिखटात, भाजीत, कुठेही असू शकतो. कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, मागवली तर ती बलाचानमध्येच परतून येते, न सांगितलं तर. नासी लमाकचा भात नुसत्या नारळाच्या दुधातला असतो, पण वरची मिरचीची चटणी, सांबाल, आणि सुके मासे, इकान बिलिस, चालणार नाहीत. रोटी चनाईबरोबरची डाळ कधी साधी असते, कधी ती 'दालचा' असते आणि तिच्यात मटणाची हाडं असतात. हे विचारून घ्यावं लागतं, आणि विचारलं की ते खरं सांगतात. कोपितियाममधल्या टोस्टवर लावतात त्या काया नावाच्या गोड लेपात अंडं असतं. 'हलाल' म्हणजे शाकाहारी नव्हे, हेही कोणीतरी या लोकांना सांगायला हवं. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं एक वाक्य जरी दिलं असतं, तरी मी त्याला माफ केलं असतं.

"क्वालालंपूर सोडलं की भारतीय जेवण नाही." पेराकमध्ये कथिलाच्या खाणी, रेल्वे आणि रबराचे मळे उभे राहिले तेव्हापासून तिथे तमिळ माणूस आहे. ताइपिंगहून पोर्ट वेल्डला 1 जून 1885 रोजी त्या देशातली पहिली रेल्वे सुटली. रूळ आता उखडलेत, पोर्ट वेल्डचं नाव बदलून क्वाला सपेतांग झालंय, पण जुन्या स्टेशनची पाटी अजून उभी आहे. रोमन, जावी (मलय भाषेची अरबी वळणाची लिपी), चिनी आणि तमिळ, चार लिप्यांत. मी तिच्यासमोर उभी राहिले आहे. एका कोळीवाड्याच्या स्टेशनावर जवळपास दीडशे वर्षांपूर्वी तमिळ वाचणारी माणसं उतरत होती, आणि आपल्याला सांगतात की तिकडे भारतीय कोणी नाही! इपोला स्वतंत्र लिटल इंडिया आहे. तिथे आणि ताइपिंगला केळीच्या पानावरचं जेवण, तोसाई म्हणजे डोसा, इडली, चपाती सगळं मिळतं. इपोच्या चुनखडीच्या डोंगरात कल्लुमलैचं मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं मंदिर आहे, थायपूसम या त्याच्या सणाला तिथे कावडी निघतात.

आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मी आवर्जून सांगते, चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं शोधा. पाटीवर बहुधा आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या दिशेला वळलेलं स्वस्तिक असतं. तिथे मांस-मासे तर नाहीतच, परंपरेने कांदा-लसूणही नाही. मोठ्या ताटांत पंधरावीस प्रकार मांडलेले असतात, आपण भाताच्या ताटलीत हवं ते घ्यायचं आणि मालकीण ताटलीकडे बघून पैसे सांगते. एक सूचना मात्र करते. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकटापासून बनवलेले पदार्थ हुबेहूब कोंबडीसारखे, माशासारखे दिसतात. मावशी ते बघून ताटावरून उठेल, म्हणून आधीच सांगून ठेवलंय. अंड्याचंही एकदा विचारायचं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, आणि बहुतेक वर्षी तो नेमका आपल्या नवरात्रात येतो. त्या नऊ दिवसांत कितीतरी चिनी माणसं शाकाहारी होतात आणि रस्त्याच्या कडेला पिवळे झेंडे लावलेल्या शाकाहारी गाड्या लागतात. आपल्या उपासाच्या दिवसांत परमुलखात कोणी अनोळखी माणूसही व्रत पाळतोय, हे बघून मला पहिल्या वर्षी फार बरं वाटलं होतं.

रमजानचं एका वाक्यात संपतं. उपवासाचे ते कायदे राज्यांच्या शरीयतचे आहेत आणि ते मुस्लिमांना लागू होतात, मावशीला नाही. मुसलमानांची हॉटेलं दिवसा बंद असतात, चिनी आणि हिंदू हॉटेलं उघडी. चारचौघांत जरा जपून खावं, ती माणुसकी झाली.

"सहाला सगळं बंद." यात थोडं तथ्य आहे, ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. कोपितियाम पहाटे उघडतात आणि दुपारी दोनतीनला आवरतात. दहाला उठून नाश्त्याला निघणाऱ्याची पंचाईत होते. केलांतान या दुसऱ्या राज्यात सुटी शुक्रवार-शनिवारची, तिथे शुक्रवारी भर दुपारी बाजार शांत असतो. टॅक्सी मोठ्या शहराइतक्या पटकन मिळत नाहीत. पण मामाक हॉटेलं रात्री उशिरापर्यंत चालू असतात, काही तर बंदच होत नाहीत.

बघण्यासारखं काही नाही म्हणे! ताइपिंगचं तळं म्हणजे कथिलाची सोडून दिलेली खाण. तिथे 1880 साली बाग केली. काठावरची विलायती शिरीषाची झाडं, आपल्या मुंबईत जुन्या रस्त्यांवर आहेत तीच, इतकी वाकलीत की फांद्या रस्ता ओलांडून पाण्याला टेकतात. गावात पाऊस रोजचाच. दुपारी सर येते, चार वाजता थांबते, आणि मग सगळं गाव तळ्याभोवती चालायला निघतं. त्यानंतर चेंदोल. पांदानच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ आणि बर्फ. पांदानच्या पानाला आंबेमोहोराचा वास येतो. मावशीच्या माळेला त्यातलं काहीच बाधत नाही. इपोला गरम तौ फू फा मिळतं, सोयाच्या दुधाचं खरवसासारखं थरथरतं काहीतरी, वर साखरेचा पाक. सकाळी केक लोक तोंगची गुहा पाहायची. गुहेतून पलीकडे बाहेर पडलं की तळं आणि डोंगर. क्वालालंपूरहून ईटीएस या रेल्वेगाडीने इपो साधारण अडीच तास, आणि तीच लाइन पुढे ताइपिंगला जाते. कोणाला एवढ्यात मॉलच बघायचे असतील तर त्यांनी खुशाल क्वालालंपूरला राहावं.

राहिला व्हिसा, आणि इथे थेट पैशाचं नुकसान आहे. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही, आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे. लागतं ते एमडीएसी, म्हणजे आगमनाचं डिजिटल कार्ड. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत मलेशियाच्या इमिग्रेशनच्या साइटवर भरायचं. फुकट. मेसेजाच्या खाली दिलेल्या नंबरवर मी फोन केला. पलीकडच्या माणसाने 'व्हिसा आणि शुद्ध शाकाहारी पॅकेज'चे दोघांचे मिळून जे पैसे सांगितले, तेवढ्यात मावशी-काकांचे इपो-ताइपिंगचे चारही दिवस राहून-जेवून निघतात. आधी घाबरवायचं आणि मग स्वतःच सोडवायला यायचं. सत्तरीच्या माणसांना असं फसवणं मला सहन होत नाही.

मावशीला मी एका कागदावर देवनागरीत लिहून दिलंय: "साया तक माकान डागिंग, आयाम, इकान, उदांग, तलूर." मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडं खात नाही. त्याखाली "तक नाक बलाचान", बलाचान नको. काकांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी "तेह ओ कोसोंग", म्हणजे दूध-साखर काहीही नसलेला चहा. काल संध्याकाळी तिने फोनवर सगळं पाठ म्हणून दाखवलं. 'उदांग'ला दोनदा अडखळली. ताइपिंगची खोली मी रद्द केलेली नाही.