पोर्ट्समथचा 'द जॉर्ज', मगातला शिलिंग आणि फिरत असलेला मेसेज

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या 'द जॉर्ज' या आता नसलेल्या पबबद्दल एक मेसेज फिरतोय, मला ऑफिसच्या ग्रुपवरून आला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरूनही आला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईला निघायच्या आदल्या रात्री ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सन इथे मुक्कामाला होता आणि खलाशांबरोबर पहाटेपर्यंत पीत बसला. नेव्हीवाले इथेच बियरच्या मगात गुपचूप एक शिलिंग टाकायचे, ज्याच्या ओठाला नाणं लागलं तो थेट जहाजावर, म्हणून आतलं नाणं आधीच दिसावं असे तळाला काच असलेले मग निघाले. बकिंगहॅमच्या ड्यूकचा, म्हणजे राजाच्या मर्जीतल्या बड्या सरदाराचा खूनही इथेच झाला. पुढे नगरपालिकेने फ्लॅट बांधायला पब पाडला. आणि शेवटी आपली छाती फुगावी म्हणून, नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं. यातलं खरं इतकंच की जॉर्ज नावाची जागा हाय स्ट्रीटवर होती आणि नेल्सन तिथे आला होता.

आधी त्या रात्रीचं बघू. ती रात्र जॉर्जमध्ये गेलीच नाही. 13 सप्टेंबर 1805 ला रात्री साडेदहाच्या सुमारास नेल्सन लंडनजवळच्या मर्टनच्या घरातून निघाला, रात्रभर घोडागाडीत होता आणि 14 तारखेला सकाळी 6 ला पोर्ट्समथला पोचला, त्याच्या डायरीतच तसं लिहिलंय. जॉर्जमध्ये उतरला, एमाला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला पत्र लिहिलं, गोदीतली आणि इतर कामं उरकली आणि डायरीप्रमाणे दुपारी 2 ला किनाऱ्यावरून होडीत बसला. म्हणजे मुक्काम सोडाच, उणेपुरे आठ तास, आणि तेही कामाचे. बरोबर रोझ आणि कॅनिंग हे दोन राजकारणी होते, ते जेवले तेसुद्धा जहाजावर. आणि मला जे सगळ्यात भारी वाटतं ते मेसेजमध्ये नाहीच आहे! हाय स्ट्रीटवर इतकी गर्दी जमली होती की तो पुढच्या दाराने बाहेर न पडता मागच्या दाराने पेनी स्ट्रीटवर उतरला, नेहमीचा सॅली पोर्टचा, म्हणजे होड्यांकडे जाणाऱ्या तटबंदीच्या दरवाजाचा रस्ता टाळला आणि तटबंदीतून वाट काढून साउथसीच्या किनाऱ्यावर गेला, जिथे बेदिंग मशिन्स उभी असायची, म्हणजे चाकांवरच्या लाकडी खोल्या, आत कपडे बदलायचे आणि घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा. लोकांनी त्याला तिथेही गाठलंच. त्याचं 'व्हिक्टरी' जहाज जवळच सेंट हेलेन्सला नांगरलेलं होतं, दुसऱ्या दिवशी निघालं.

"खलाशांबरोबर पीत बसला" हे तर शक्यच नव्हतं, कारण पोर्ट्समथमध्ये कोणी कुठे बसायचं ते जवळजवळ ठरलेलं होतं. कॅप्टन आणि त्यांच्या वरचे लोक जॉर्जमध्ये, लेफ्टनंट 'फाउंटन'मध्ये, आणि मिडशिपमन म्हणजे शिकाऊ पोरं 'ब्लू पोस्ट्स'मध्ये. साधा खलाशी या तिन्हीत बसत नाही, त्याचे अड्डे गोदीच्या दरवाजासमोर 'द हार्ड'वर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत. या तिघांपैकी आज एकही उरलेला नाही. ब्लू पोस्ट्स 1870 मध्ये जळाला, फाउंटन 1874 मध्ये सारा रॉबिन्सन बाईंनी घेऊन तिथे सैनिकांसाठी दारूमुक्त संस्था काढली, आणि जॉर्जचं पुढे सांगतो.

आता शिलिंग. ही गोष्ट इंग्लंडातल्या प्रत्येक बंदराच्या गावात सांगतात आणि ऐकायला मजा येते, पण जरा विचार करा, ज्याला दंडाला धरून ओढत नेता येतं त्याच्या मगात नाणं टाकायची गरजच काय? प्रेस गँगच्या, म्हणजे नेव्हीसाठी माणसं जबरदस्तीने उचलणाऱ्या टोळीच्या अधिकाऱ्याकडे अ‍ॅडमिरल्टीचं, म्हणजे नेव्हीच्या मुख्य कचेरीचं वॉरंट असायचं, साधारण 18 ते 55 वयाचा दर्यावर्दी माणूस दिसला आणि त्याच्याकडे सुटकेचा कागद नसला की उचलला, त्याची संमती कोणी विचारायचंच नाही. गोदीतल्या कामगारांना असे कागद मिळायचे, नाहीतर जहाजं बांधणार कोण! शिलिंग घेऊन भरती ही मुख्यतः लष्कराची पद्धत, आणि तिथेही माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागायचं आणि दंड भरून सुटता यायचं, नुसतं नाणं ओठाला लागून काही होत नव्हतं. काचेच्या तळाचे जे जुने मग दाखवतात ते बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, म्हणजे 1837 नंतरचे, आणि जबरदस्तीची भरती 1815 नंतर बंदच पडली होती.

बरं, बहुतेक माणसं पबमध्ये पकडलीच जात नव्हती, ती समुद्रात पकडली जायची. कित्येक महिन्यांनी घरी परतणारं व्यापारी जहाज, किनारा समोर दिसतोय, बायकापोरं वाट बघतायत, आणि नेव्हीची होडी येऊन खलाशी उचलून नेणार, पगार हातात पडायच्या आधी! वर त्याला सांगायचे की आता आलाच आहेस तर स्वखुशीने आलो म्हण, म्हणजे बाउंटीचे, भरतीच्या बक्षिसाचे पैसे मिळतील. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी नेव्ही भारताकडच्या समुद्रातही असेच काढून घ्यायची आणि मग जहाज हाकायला कंपनी लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी घ्यायची, बंगालचे, गुजरातचे, आपल्या कोकण किनाऱ्याचे. ही गोष्ट माणसांच्या आयुष्याशी खेळण्याची आहे, तिचा मगातल्या नाण्याचा किस्सा केला की तो अन्याय दिसेनासाच होतो, म्हणून मला या मेसेजचा राग येतो.

ड्यूकचं पटकन सांगतो. 1628 मध्ये जॉन फेल्टनने त्याला भोसकलं ते याच हाय स्ट्रीटवर, पण 'ग्रेहाउंड' नावाच्या दुसऱ्या खानावळीत. ती इमारत आजही उभी आहे, बकिंगहॅम हाउस म्हणतात.

आणि पब नगरपालिकेने पाडला नाही हो, बॉम्बने गेला! 10 जानेवारी 1941 च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर आगीचे बॉम्ब ओतले, पाण्याचे मेन पाइप फुटले त्यामुळे आगी विझवता येईनात, गिल्डहॉल म्हणजे शहराचं नगरभवन आतून जळून गेलं, जॉर्ज पण त्याच हल्ल्यात गेला. 171 माणसं मेली. जॉर्ज कोर्ट नावाचे फ्लॅट त्या जागी नंतर आले. 171 मृत्यूंच्या जागी बिल्डर आणि नगरपालिका घालणं हे मला अजिबात पटत नाही.

राहिलं 'व्हिक्टरी'. ती चॅटमच्या गोदीत बांधली, काम 1759 ला सुरू, 1765 ला पाण्यात उतरवली. मुंबईत ब्रिटिश नेव्हीसाठी मुख्य लढाईच्या रांगेतलं मोठं जहाज पहिल्यांदा झालं ते 'मिंडेन', 1810 चं, म्हणजे ट्रफाल्गरनंतर पाच वर्षांनी. आणि अभिमान वाटायला खोटं कशाला लागतं? जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेलं 'एशिया' 1827 च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरलचं जहाज होतं आणि नंतर याच पोर्ट्समथच्या बंदरात वर्षानुवर्षं पहाऱ्याला उभं होतं. 1817 चं 'ट्रिंकोमाली' पण मुंबईचंच, तेही 'फूद्रोयां' या नावाने पोर्ट्समथ बंदरात होतं, पोरांना जहाजाचं शिक्षण द्यायला, आणि आज हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय, तिकीट काढून वर चढता येतं. तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर व्हिक्टरी खोडा आणि तिथे ही दोन नावं घाला.