सत्तरीकरांस उत्तर : राष्ट्रीय आराखडा लहान राज्यालाच जास्त हवा

आरोग्य संशोधनाचा राष्ट्रीय आराखडा केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून करावा, असे मी गेल्या लेखात मांडले होते. त्यावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून ‘एक सत्तरीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया इतरांनीही उचलून धरली आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. प्रतिक्रिया अशी : “एसीत बसून राष्ट्रीय धोरणाच्या गप्पा मारणारे वाळपईच्या पुढे कधी गेलेत का? गोवा एवढासा, आमचे आजार आम्हाला ठाऊक. आमचं संशोधन आम्ही करू, दिल्लीची यादी कशाला? दिल्लीचे पैसे तर वर्षभर येत नाहीत. आणि शेवटी हे सगळं औषध कंपन्यांच्याच फायद्याचं.”

आधी सुराबद्दल. माझ्या लेखात कोणालाही उद्देशून वावगा शब्द नाही. तुम्ही मात्र पहिल्याच वाक्यात मी कुठे बसतो आणि कुठे फिरतो यावर घसरलात. एथिक्स कमिटीच्या बैठका आणि तापाच्या रुग्णांचे अर्धवट भरलेले फॉर्म यांत माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि वाळपईच्या, म्हणजे सत्तरीच्या मुख्य गावाच्या, पुढचे रस्तेही मला नवे नाहीत. एवढे पुरे. बोलणारा कोण ते पाहूनच मुद्द्याचे वजन ठरवायचे असेल, तर तो नियम टोपणनावाने लिहिणाऱ्याला आधी लागू होतो.

पैशांबद्दलची तक्रार खरी आहे, ती मान्य करतो. अनुदानाचा पहिला हप्ता येतो. दुसऱ्यासाठी पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, लागते. ते लेखा विभागात अडकते. तोवर कंत्राटी फील्ड वर्करचा करार संपतो, शिकवून तयार केलेला माणूस दुसरी नोकरी धरतो, आणि पैसे येतात तेव्हा हंगाम गेलेला असतो. पण यावरून काढायचा निष्कर्ष ‘आराखडाच नको’ हा नव्हे. हप्त्याची तारीख आजाराच्या हंगामाशी बांधून घ्या, हे आराखड्यातच लिहून घ्यायचे असते.

आता तुमचे मुख्य वाक्य : “आमचं संशोधन आम्ही करू.” ऐकायला बरे वाटते आणि टाळ्याही मिळतात. ते तपासायला तुमच्याच तालुक्यातला आजार घेतो.

माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकात, तेव्हाच्या शिमोगा (आताच्या शिवमोग्गा) जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. सत्तरीत पाली गावात रुग्ण सापडले २०१५ मध्ये, आणि पुढच्या वर्षी पलीकडे, महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्गात. विषाणू गोचिडातून येतो, काजूच्या बागेत पाचोळ्यात हात घालणाऱ्यांना धोका जास्त, आणि वानर-माकडे मरू लागली की ती धोक्याची पहिली खूण. जुनी लस एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी पुन्हा, अशी घ्यावी लागे. तरी संरक्षण अपुरेच पडले. नव्या लशीवर काम चालू आहे. समजा ती उद्या तयार झाली आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे गोव्याने तिची चाचणी एकट्याने करायचे ठरवले.

हिशेब मांडू. लस न घेतलेल्यांत एका हंगामात हजारी एकाला आजार होतो असे धरा, आणि लस त्यातले ६० टक्के रोखते असे धरा. हा फरक निव्वळ योगायोग नाही हे ८० टक्के खात्रीने पकडायचे, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात साधारण ३०,५०० माणसे लागतात. दोन गट मिळून ६१,०००. २०११ च्या जनगणनेत सत्तरी तालुक्याची लोकसंख्या साधारण ६४ हजार होती, तान्ह्या मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत. त्यातून मुले, गरोदर बायका, संमती न देणारे आणि हंगामाच्या मध्येच गाव सोडणारे वजा करा. चाचणी सुरू होण्याआधीच संपली. ही चाचणी शिवमोग्गा, उत्तर कन्नड, सिंधुदुर्ग आणि सत्तरी मिळूनच होऊ शकते. म्हणजे निदान तीन राज्ये.

आणि तीन राज्ये मिळून म्हणजे फक्त तीन सह्या नव्हेत. तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर उपयोगी पडते. पुढे विषाणू कमी होतो आणि आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. एका राज्याने फक्त आरटी-पीसीआर केली, तर उशिरा इस्पितळात आलेले रुग्ण ‘निगेटिव्ह’ म्हणून सुटतात. दुसऱ्याने दोन्ही केल्या, तर त्याचे रुग्ण जास्त दिसतात. मग वर्तमानपत्रात येते की अमुक राज्यात साथ वाढली, आणि वाढलेली असते ती फक्त तपासणी. म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर ताप आल्याची तारीख आणि रक्त घेतल्याची तारीख या दोन वेगळ्या चौकटी हव्यात. सर्वात जास्त वेळा रिकामी राहते ती पहिली, कारण केस पेपरवर ‘ताप, ४ दिवस’ एवढेच असते आणि ते चार दिवस कुठल्या तारखेपासूनचे ते कोणी विचारत नाही. गोचीड गोळा करण्याचेही तसेच. पांढरे फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढून गोचीड वेचतात. कापड केवढे, किती वेळ ओढले, दिवसाच्या कुठल्या प्रहरी, हे सारखे नसेल तर दोडामार्गचा आकडा सत्तरीच्या शेजारी ठेवता येत नाही. मेलेले माकड सापडले तर कळवायचे वन खात्याला की आरोग्य केंद्राला, हेही प्रत्येकाने वेगळे ठरवले तर कळवणारा कंटाळतो आणि कळवणेच सोडतो. गोचिडांना राज्याची सीमा नाही, सत्तरीकर. तुमच्या वाक्याला आहे.

माकडताप अपवाद वाटत असेल तर मधुमेह घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. हा आकडा तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. तो आला कसा? प्रत्येक राज्यातून चार हजार माणसे, त्यांत २,८०० ग्रामीण आणि १,२०० शहरी, असा एकच नियम होता. उत्तर प्रदेशाला चार हजार आणि गोव्यालाही चार हजार. पाहणीतल्या एक लाख तेरा हजारांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात केली असती, तर १४.५८ लाखांच्या गोव्याच्या वाट्याला दीडशे माणसेही आली नसती आणि त्यातून कसलाही भरवशाचा आकडा निघाला नसता. लहान राज्याचा वाटा राखला तो देशभराच्या समान नियमाने. माझ्या लेखाचा गाभा हाच होता, आणि तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही साखर मोजली जाते, पण पंधरा वर्षांवरच्यांची, आणि खाल्ल्याची वेळ न पाहता बोट टोचून. इंडियाबने वीस वर्षांवरचे घेतले आणि उपाशीपोटी व ग्लुकोज पाजून दोन तासांनी अशी दोनदा साखर मोजली. दोन्ही सरकारी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांशी जुळवता येत नाहीत. पाच वर्षांनी गोव्यात मधुमेह कमी झाला की वाढला हे सांगायचे, तर आधी कुठल्या मापाने मोजायचे ते देशाने ठरवायला हवे. पणजीत बसून एकट्या गोव्याला ते ठरवता येणार नाही.

“दिल्लीची यादी” म्हणालात. कुठल्या प्रश्नांवर आधी संशोधन करायचे त्याची यादी कशी होते ते लिहितो, कारण तिथेच घोळ होतात. आयसीएमआर आणि इनक्लेन (वैद्यकीय संशोधकांचे जाळे) यांनी माता-बाल आरोग्य आणि पोषणासाठी हे काम केले, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले : २५६ संस्थांतले तज्ज्ञ, चार हजारांवर संशोधन-कल्पना. पद्धतीचे नाव सीएचएनआरआय. प्रत्येक प्रश्नाला ठरावीक निकषांवर गुण देतात : उत्तर मिळण्याजोगे आहे का, उपाय लागू पडेल का, तो लोकांपर्यंत पोचवता येईल का, आजाराचा भार किती हलका होईल, गरिबांपर्यंत न्याय्यपणे जाईल का. होय असेल तर १, नाही तर ०, खात्री नसेल तर अर्धा. आणि विषय आपला नसेल तर चौकट रिकामी सोडायची. ही रिकामी चौकट फार महत्त्वाची आहे. ती वापरायला लोक लाजतात, अंदाजे अर्धा गुण देतात, आणि मग सगळे प्रश्न मधल्या गुणांवर येऊन गोठतात.

दुसरा घोळ प्रश्नाच्या मांडणीत. ‘माकडतापावर संशोधन व्हावे’ याला गुण देता येत नाहीत. ‘काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांनी रोज सकाळी डेपा (गोचीड दूर ठेवणारे) तेल लावले, तर न लावणाऱ्यांच्या तुलनेत अंगावर सापडणारे गोचीड किती कमी होतात?’ याला देता येतात. कोणावर, काय, कशाच्या तुलनेत आणि काय मोजून, हे चारही त्यात आहे. तिसरा आणि सर्वात वाईट घोळ : गुण देणारे सगळे मोठ्या संस्थांतले. तिथे वाळपईची एएनएम (आरोग्यसेविका) आणि काणकोणच्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर नसेल, तर यादी खरोखरच दिल्लीची होते. त्यावर उपाय आपली खुर्ची मागून घेणे हा आहे. तुम्ही ती सोडून उठायला सांगता आहात. सार्वजनिक आरोग्य घटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीत, आहे, त्यामुळे राज्याशिवाय हा आराखडा अमलात येऊच शकत नाही. मागणी करायला गोव्याचा हात भक्कम आहे.

गोव्याने एकट्याने करून दाखवले याचे उदाहरण म्हणून कोणी गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेचे काम पुढे करील. ते काम मोलाचेच आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या, आणि त्याचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. पण पैसा वेलकम ट्रस्टचा होता, ब्रिटनमधला. राज्याच्या अंदाजपत्रकात संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद नसेल, तर ‘आमचं आम्ही’ म्हणजे ज्याचा पैसा, संशोधनाचा प्रश्नही तोच ठरवणार.

औषध कंपन्यांच्या फायद्याबद्दल : देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. प्रायोजक कोण ते तिथे लिहिलेले असते. परदेशी निधीच्या आरोग्य संशोधनासाठी आरोग्य मंत्रालयाची स्वतंत्र छाननी समिती आहे. संशय असेल तर ट्रायलचा नोंदणी क्रमांक द्या, त्यावर बोलू. नुसत्या संशयाला माझ्याकडे उत्तर नाही.

यापुढे व्यक्तिगत शेरे असलेली प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही. वरच्या ६१,००० च्या हिशेबात मी धरलेला आजाराचा दर किंवा लशीचा परिणाम चुकीचा वाटत असेल, तर तुमचे आकडे घालून हिशेब पाठवा. तो जसाच्या तसा लावीन.